भाऊच्या पडवीत काय वाचलं, काय ऐकलं

पुण्याहून एका जुन्या मित्राचं पत्र आलं आहे. "तुमच्या रत्नागिरीत हल्ली काय वाचता? काय ऐकता? सिनेमा-बिनेमा बघता की नाही? सविस्तर यादी पाठव."

मी कचेरीतला कारकून. यादी करणं हा माझा धंदा! पण टाक घेऊन बसलो आणि तिसऱ्या ओळीलाच अडलो. पुस्तक आठवलं की पुस्तक राहतं बाजूला, आणि ते वाचताना कोण काय बोललं तेच डोक्यात येतं. किस्से हे असेच जमतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. फणस खाताना आठळ्या कोपऱ्यात टाकत जावं, आणि आषाढात बघावं तर टोपली भरलेली! तेव्हा मित्रा, यादी काही होत नाही. आठळ्या पाठवतोय, भाजून खा.

आधी मंडळी सांगतो. दर रविवारी दुपारी आम्ही भाऊच्या पडवीत जमतो. भाऊ म्हणजे आंब्याच्या बागांचा मालक, शिस्तीचा आणि हट्टाचा. नाना दवाखान्यात कंपाउंडर. आवाज खणखणीत, त्यामुळे वाचायचं काम त्याचं. आबा तांडेल हा जन्मभर गलबतांवर आणि बोटींवर राहिलेला म्हातारा. एडन, बसरा सगळं पाहिलेलं, पण अक्षर एक येत नाही. आणि भाऊची थोरली बहीण आक्का. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली, ती आता पन्नाशीला टेकली. ती माजघराच्या दाराआड बसून ऐकायची. वाचता तिलाही येत नव्हतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, कारण आमच्या पडवीत गेल्या काही वर्षांत जे काही झालं ते त्याच्यावरून झालं.

*

पेपरापासून सुरुवात करतो.

मुंबईचा पेपर आमच्याकडे स्टीमरने येतो. पावसाळ्यात स्टीमर बंद. मग पेपर कोल्हापूरकडून घाट उतरून मोटारीने येणार. त्यात हातखंब्याला मोटार चिखलात रुतली की पाच-सहा दिवसांचे पेपर एकदम येतात, तेही ओलेचिंब. ते आक्का चुलीवरच्या दोरीवर ओळीने वाळत घालते.

आता कोणीही शहाणा माणूस सहा पेपर आले तर शेवटचा आधी उघडेल. भाऊ नाही! "बातमी क्रमानं वाचायची. रोज एक." त्यामुळे मुंबईत संप मिटलेला असे आणि भाऊच्या पडवीत तो जोरात चालू असे. एकदा तर मुंबईत वारलेला एक गृहस्थ आमच्याकडे आणखी चार दिवस भाषणं करत होता.

एका श्रावणात नानाने बातमी वाचली. कराचीहून निघालेली एक मालाची बोट वादळात सापडली, दोन दिवस पत्ता नाही. आबा तांडेल ताडकन उठून उभा राहिला. त्याचा भाचा त्याच बोटीवर खलाशी होता.

"फुडचा पेपर काडा!" आबा म्हणाला.

 भाऊचाही जीव आतून तुटत होता, ते दिसत होतं. पण त्याने आयुष्यात क्रम मोडलेला नव्हता. तो म्हणाला, "आबा, उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"उद्या?" आबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात माजघराच्या दारात आक्का आली. हातात पेपर. कुठला कितवा ते तिला दोरीवरच्या ओळीवरून ठाऊक होतं. तो उंबऱ्याआडूनच नानापुढे धरून म्हणाली, "हा नीट सुकलाय का बघ रे. मला काय कळतंय? चार ओळी वाचून बघ, शाई फुटली नाही ना ते."

शाई फुटली नव्हती. बोट मुंबईला सुखरूप लागली होती! आबाने आक्काला दंडवत घातला. आणि भाऊ म्हणाला, "सुकलाय ना? मग ठेव परत दोरीवर. तो उद्याचा आहे."

*

ऐकण्याचं म्हणशील, तर भाऊने मुंबईहून ग्रामोफोन आणला. आमच्या बंदरात स्टीमर धक्क्याला लागत नाही. लांब उभी राहते, तिथून पडावात उतरून किनाऱ्याला यायचं. भाऊ त्या पडावात ग्रामोफोनचा कर्णा छातीशी धरून बसला होता. लाट आली की आधी कर्ण्यावर छत्री आणि मग स्वतःवर!

रेकॉर्डी पाच, सुयांची डबी एक. महिन्याभरात सुया संपल्या. मुंबईहून येईपर्यंत करायचं काय? आबा तांडेल म्हणाला, "करवंदीचो काटो लावा. जातो कुठं?"

लावला. आणि काय सांगू, वाजलं की! पण कर्ण्यातून रेकॉर्डीवरच्या गाणाऱ्या बाईंचा आवाज असा काही आला, दबलेला, खरखरीत, नाकातला, की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

नाना दवाखान्यातला माणूस. त्याने डोळे मिटून पुरती एक बाजू ऐकली आणि गंभीरपणे म्हणाला, "भाऊ, यांना दोन दिवस गाऊ देऊ नकोस. घसा बसलाय."

आणि भाऊने खरंच दोन दिवस ग्रामोफोन बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी नवा काटा लावला तेव्हा आवाज जरा मोकळा झाला होता, असं नाना अजून शपथेवर सांगतो!

*

रेडिओचा अनुभव एकदाच घेतला. एका वकिलांच्या बंगल्यावर रेडिओ आला म्हणून आम्ही धुतलेले सदरे घालून ऐकायला गेलो. वकिलांनी खुंट्या पिळल्या. तासभर नुसतं खर्रर्र, सूंऽऽ, खर्रर्र. मध्येच कोणीतरी एक शब्द बोललं, तो कुठल्या भाषेतला यावर दोन पक्ष पडले.

आबा मात्र कान देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मुंबयला दर्या लय खवळलोय."

भाऊचं दुसऱ्या दिवशीच्या स्टीमरचं तिकीट काढलेलं होतं. त्याने प्रवास रद्द केला! दुसऱ्या दिवशी समुद्र इतका शांत, की तशा समुद्रावर पाट मांडून जेवायला बसावं. आबाला विचारलं, तर म्हणाला, "मग रेडिओत बिघाड आसंल."

*

आता सिनेमा. मुक्या सिनेमाच्या दिवसांत दरवर्षी सुगीनंतर एक तंबूवाला यायचा. दिवेलागणीला खेळ. पडद्यावर माणसं तोंड हलवणार, मग त्यांचं बोलणं अक्षरांत येणार. तंबूतल्या निम्म्या लोकांना अक्षर येत नसे. मग ज्याला येतं त्याने मोठ्याने वाचायचं, असा रिवाज होता. आमच्या तंबूत तो मान नानाचा. नाना आला नाही तर तंबूवाला पाच मिनिटं खेळ थांबवून ठेवी.

नानात एकच खोट. माणूस फार हळवा! दवाखान्यात दुसऱ्याचं गळू कापताना हा ओरडतो. त्या दिवशी पडद्यावरची सून सासरच्या छळाला कंटाळली. विहिरीच्या काठावर उभी राहिली. आभाळाकडे बघून काहीतरी बोलली. अक्षरं आली. नाना गप्प.

"अरे काय म्हणते ती?" मागून ओरडा झाला.

नाना सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता. अक्षरं निघून चालली.

"नाना! काय म्हणते ती?"

नाना कसाबसा बोलला, "ती म्हणते... बरं आहे सगळं!"

आणि सुनेने धाडकन विहिरीत उडी टाकली!

आक्का सिनेमाला जात नसे. विधवेनं तंबूत जायचं, हे त्या काळी कोणाच्या मनातही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येकाला गोष्ट विचारली. भाऊने घोडा किती उमदा होता ते सांगितलं. आबाने पडद्यावरच्या होडीचं शीड कसं चुकीचं बांधलं होतं ते सांगितलं. नानाने सांगितलं की सून शेवटी सुखात राहिली.

"पण आबा म्हणतो तिनं विहिरीत उडी मारलीन?"

नाना म्हणाला, "मारली. पण पाणी कमी होतं."

*

तेव्हा आम्ही हसलो. नाना असं कुठे कुठे करत असेल, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी पडवीत कादंबरीचं वाचन चाले. नाना वाचतोय, आबा खांबाला टेकलाय, भाऊ सुपारी कातरतोय आणि दाराआड आक्का. एका पावसाळ्यात एक मोठी कादंबरी लावली होती. तिच्यात एक गरीब घरची पोरगी होती, सोशिक, समजूतदार. आक्काचा तिच्यावर फार जीव बसला. पोरगी आजारी पडली तशी आक्का काळजीत. रोज देवापुढे तिच्या नावाने दिवा लावी. आणि एका रविवारी नानाने वाचलं, की पोरगी उठून बसली आणि तिने पेज मागितली. दाराआडून आक्काचा सुस्कारा आम्ही सगळ्यांनी ऐकला.

पुढच्या रविवारी नानाला ताप आला. वाचायला मी बसलो. खूण होती ते पान उघडलं आणि वाचलं, "तिच्या तेराव्याला गावातून फारसं कोणी आलं नाही..."

मी थांबलो. मागची पानं चाळली. पोरगी बारा पानांपूर्वी गेलेली होती! नाना बारा पानं तिला स्वतःच्या जबाबदारीवर जगवत होता.

"अडखळलास का रे दत्तू?" दाराआडून आक्का. "तेरावं कोणाचं?"

मी उगाच पानं उलटायला लागलो. आबाच्या मात्र लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "पेज बाधली आसंल."

आक्का बाहेर आली. आम्ही पुरुष बसलोय आणि आक्का पडवीत आली, असं मी पहिल्यांदा पाहिलं. तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, पानावरून बोट फिरवलं. तिला काय कळणार होतं? तरी पुष्कळ वेळ बघत राहिली.

"यात ती मेल्ये?"

"हो."

"आणि मी काल तिच्यासाठी दिवा लावला."

ताप उतरल्यावर नाना आला. आक्का दारातच उभी होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "नाना, मी आजारी पडल्ये तर बाटलीत नुसतं पाणी घालून देशील का रे?"

"नाही आक्का!"

"मग हे का दिलंस?"

नाना रडायलाच लागला. "तुम्ही आधीच पुष्कळ सोसलंत. म्हटलं, आणखी एक कशाला!"

"माझं सोसलेलं माझ्यापाशी आहे. रडायचं की नाही ते माझं मी बघेन. जन्मभर मला जे कोणी सांगितलं ते दुसऱ्यानं निवडून सांगितलं. वाईट वाटेल म्हणून हे नको, शोभणार नाही म्हणून ते नको. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मला वाचायला शिकव."

नानाने तिथल्या तिथे कबूल केलं. भाऊ सुपारी कातरत म्हणाला, "घरात शीक की. कोण नको म्हणतंय?"

*

शिकवणी सुरू झाली. रोज दवाखाना सुटल्यावर नाना अर्धा तास यायचा. पहिलं पुस्तक कुठलं म्हणशील तर दवाखान्यातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या! आक्काने आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य "घेण्यापूर्वी बाटली हलवावी" हे आहे. ते वाचून तिला इतका आनंद झाला, की घरातली तेलाची बाटलीसुद्धा तिने हलवली.

बसायची पद्धत अशी. नाना पडवीत, आक्का उंबऱ्याच्या आत, मध्ये आधी चिठ्ठ्या आणि मग खरं पुस्तक. परक्या पुरुषाशेजारी बसून शिकायचं तर शक्यच नव्हतं, म्हणून समोरासमोर. नाना काडीने अक्षर दाखवायचा, आक्का मोठ्याने म्हणायची. चार महिन्यांत बाई घडाघडा वाचायला लागली. नानाची छाती फुगली.

एक दिवस मी गेलो. नाना यायचा होता. मी पुस्तक उचललं आणि आक्काच्या हातात नीट दिलं. "वाचा बघू."

तिने पाहिलं. कपाळाला आठी. "हे कुठलं रे? मला एक अक्षर लागत नाही."

"अहो, कालचंच आहे!"

"छे! कालचं असं नव्हतं."

मग मला उमगलं. चार महिने पुस्तक नानाच्या बाजूने सुलट होतं! आक्का समोरून बघत होती. बाई संपूर्ण मराठी उलटी शिकली होती!

नाना आला, ऐकलं, आणि मटकन खाली बसला. म्हणाला, "आक्का, मी दुसऱ्यांदा फसवलं तुम्हाला." आक्काचाही चेहरा पडला होता. पन्नाशीत चार महिने ही काही थोडीथोडकी कमाई नसते.

आबा मात्र शांत. म्हणाला, "ह्याच्यात रडण्यासारखा काय हाय? बोटीवरचो आमचो सारंग नकाशो चारी बाजूंनी बघायचो. येका बाजूनं बघणाऱ्याचा गलबत खडकावर जाता!"

दुसऱ्या दिवसापासून आक्का सुलट बाजूला बसली आणि नाना उलट. आता अडखळायची पाळी नानाची! तीन महिन्यांत आक्का सुलटही तितकंच वाचायला लागली.

याचा फायदा पुढे असा झाला, की भाऊ पेपर जमिनीवर पसरून बसला की आक्का समोर बसते. पेपर एक, वाचणारे दोन. परवा मी गेलो तेव्हा त्यांचं भांडण चाललं होतं.

"भाऊ, उलट पान. माझं झालं."

"थांब गो! मी सुलट वाचतोय तरी माझं अर्धं राहिलंय!"

*

मध्यंतरी बोलता सिनेमा आला. तंबूच्या जागी पत्र्याचं थिएटर झालं. नानाने पहिल्याच खेळाला पुढची जागा धरली. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं मात्र, इतक्या वर्षांची सवय, नाना मोठ्याने सुरू! "ती म्हणते, की..."

मागून अख्खं थिएटर ओरडलं, "नाना, गप बसा! आता ती स्वतः बोलते!"

नाना आठ दिवस उदास होता. मला म्हणाला, "दत्तू, आता तंबूत माझी गरज नाही, पडवीतही नाही." मी म्हटलं, "पडवीत कशाला नाही? चहा घ्यायला कोणीतरी हवंच की." तेव्हा कुठे हसला.

*

आणि आता आक्काची वाचनाची भूक! घरातली पुस्तकं सहा महिन्यांत संपली. आमच्या आळीत एका खोलीचं वाचनालय आहे. मेंबर भाऊ. बायकांसाठी पुस्तकं न्यायची ती घरातल्या पुरुषाने, आपल्या नावावर, आपल्या पसंतीने. तसा नियम नव्हता, पण दुसरं काही कोणी पाहिलंही नव्हतं.

आक्का भाऊला सांगायची, "प्रवासाचं आण. जंगलातलं आण. खुनाचं असेल तरी आण." भाऊ आणायचा काय? स्त्रियांनी कसं वागावं, घर कसं राखावं, मन कसं आवरावं! आक्का सकाळी आणलेलं पुस्तक दुपारी परत द्यायची.

"हे वाचलेलं आहे."

"कधी वाचलंस? आजच तर आणलंय!"

"जन्मभर!"

शेवटी एक दिवस आक्काने सांगितलं, "भाऊ, उद्यापासून मी स्वतः जात्ये वाचनालयात. माझ्या नावानं मेंबर होत्ये."

भाऊचा अडकित्ता थांबला. "आपल्या घरातली बाई चार पुरुषांत जाऊन खुर्चीवर बसणार? लोक काय म्हणतील?"

"ते काय म्हणतील ते मला ऐकायचंय. तू निवडून सांगू नको."

भाऊ आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवताना भात हवा असला तरी माझ्या तोंडून मागायचा, आणि मी नसलो तर उपाशी उठायचा. आक्काचाही जीव कासावीस होत होता. मला म्हणाली, "दत्तू, त्याच्यावाचून मला कोण आहे रे? पण आत्ता गेल्ये नाही तर मग कधीच जाणार नाही. डोळे किती दिवस साथ देतील?"

कार्तिकातली स्वच्छ दुपार होती. आक्का आपलं विधवेचं लाल आलवण सावरून निघाली. बाजारातून सरळ. मागे दहा पावलांवर मी, नाना आणि आबा, चोरी करायला निघाल्यासारखे. बाजारात जो तो मान वळवून बघत होता. आक्काने एकदाही मान वळवली नाही.

आता वाचनालयाचे चिटणीस बापूराव सांगायला हवेत. माणूस शांततेचा भक्त! भिंतीवर भली मोठी पाटी, "शांतता राखावी." घड्याळ टकटक करतं म्हणून त्यांनी त्याचा लंबक थांबवून ठेवला होता, त्यामुळे वाचनालयात कायम सव्वाचार वाजलेले असत. कोणी खोकला तर बापूराव चष्म्यावरून बघत, आणि खोकणारा बाहेर जाऊन खोकून येई.

त्यांनी आक्काला पाहिलं आणि उभेच राहिले. "भाऊ नाही आले? पुस्तक कोणाला हवंय?"

"मला. मेंबर व्हायचंय."

बापूरावांनी नियमांचा कागद काढला, वरून खालपर्यंत वाचला. बायकांना मनाई कुठे लिहिलेली नव्हती. नाइलाजाने त्यांनी वही उघडली. "नाव?"

"द्या इकडे. मी लिहित्ये."

तिने लिहिलं. मी पुढे होऊन तिच्या खांद्यावरून पाहिलं. यमुना. पंधरा वर्षं त्या घरात जातोय मी, आक्काचं नाव यमुना आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग ती टेबलापाशी गेली. सात-आठ पुरुष बसले होते, ते आपोआप सरकले. आक्का खुर्चीवर बसली, मुंबईचा पेपर ओढला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली!

 हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! आक्का शिकली ती मोठ्याने म्हणून. मनातल्या मनात वाचायचं असतं, हे तिला नानाने कधी सांगितलंच नाही. पाटी समोर होती, पण तिचे डोळे पेपरात.

"मुंबई. संप मिटला असून गिरण्या कालपासून पुन्हा सुरू झाल्या आहेत. सकाळच्या पाळीस कामगार मोठ्या संख्येने हजर होते..."

बापूरावांनी चष्मा काढला. पुन्हा लावला.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर मासळीच्या पाट्या घेऊन चार-पाच कोळणी रोज बसतात. आवाज ऐकून एकीने दारातून डोकं आत घातलं. "कंच्या गिरणी गो बाय? माजो घोव हाय थंय!"

आक्का थांबली, बोटाने ओळ शोधली, आणि एकेका गिरणीचं नाव सावकाश वाचलं. तिसऱ्या नावाला त्या बाईने दोन्ही हात जोडून देवासाठी कपाळाला लावले. बाकीच्या उठल्या. समोरचा टांगेवाला आला. माडी काढणारा भंडारी आला, न्हावी हातातला वस्तरा तसाच घेऊन आला. ज्यांच्या घरचं माणूस मुंबईला आहे असं रत्नागिरीत कोण नाही? दार भरलं, पायऱ्या भरल्या. "आमच्याही गिरणीचा वाचा!" "बोटींचा काय लिवलाय?" एकच गलका झाला.

बापूराव उठले. नानाने माझा हात घट्ट धरला. मेंबर झाल्याला पाव तास नाही आणि आक्काचं नाव कटणार! बापूराव टेबलाला वळसा घालून आले. आक्काने वर पाहिलं. आता तिची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली, तिने ती वाचली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पेपरावरचं बोट तेवढं हललं नाही.

बापूराव तिच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबले. मग पुढे गेले, सरळ दारापर्यंत. गर्दीसमोर उभे राहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! शांतता राखा. बाई वाचतायत."

सगळे चिडीचूप. आक्काने पुढची ओळ सुरू केली. आवाज जरा कापत होता.

तेवढ्यात पायऱ्यांच्या अगदी खालून, मासळीच्या पाट्यांमागून, आठ दिवस न ऐकलेला आवाज आला. भाऊ!

"आक्का, जरा मोठ्यानं गो! इथं मागं ऐकायला येत नाही!"